एका झोपेत मोडलेली पंचायत

खडकदरे आणि उंबरवणे या दोन गावांची गट ग्रामपंचायत का मोडली, हे कुणालाही विचारा. खडकदऱ्यात विचाराल तर उंबरवण्याची माणसं आडमुठी म्हणून. उंबरवण्यात विचाराल तर खडकदऱ्याची माणसं लबाड म्हणून. भोरला साहेबांना विचाराल तर ते चष्मा पुसत 'प्रशासकीय सोय' म्हणतील आणि जेवायला जातील. खरं कारण पुरतं एकट्या हनुमंत खुटवडलाच ठाऊक होतं, आणि हा गडी अकरा वर्षं मूग गिळून बसला होता.

हनुमंत पंचायतीचा शिपाई. सकाळी नळाचं पाणी सोडायचं, नोटीस चिकटवायची, भोंगा घेऊन दवंडी द्यायची, साहेब आले की खुर्ची पुसायची, साहेब गेले की साहेबांना शिव्या द्यायच्या. छत्तीस वर्षं एवढंच केलं, पण केलं मनापासून. शिव्यासुद्धा.

पंचायत तशी जुनी. भोर संस्थान विलीन झालं आणि पुढं काही वर्षांनी सरकारच्या लक्षात आलं, की या दोन गावांत एकेकट्याची पंचायत होण्याएवढी माणसंच नाहीत. मग दोघांना एका दावणीला बांधलं. मधे ओढा, ओढ्यावर पूल, पुलाच्या अलीकडं खडकदरे, पलीकडं उंबरवणे आणि भैरवनाथाचं देऊळ. नाथ दोघांचा एकच. त्याच्या यात्रेत पालखी खडकदऱ्यानं उचलायची, जेवणावळ उंबरवण्यानं घालायची, असा मान वाटलेला. यात्रेला नाथाला पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी करीला माणसांना बकरं. देवानं कधी तक्रार केली नाही. साठेक वर्षांत पंचायतीनं जे काही केलं ते सांगायला बसलं तर चहा थंड व्हायच्या आत संपेल: अर्धी पाइपलाइन, एक समाजमंदिर, आणि दर पाच वर्षांनी एक कडाक्याचं भांडण.

शेवटचं भांडण पंचायतीच्या नव्या इमारतीवरनं झालं. इमारत कुठल्या गावात बांधायची? त्यासाठी ग्रामसभा लावली. सरपंच होते खडकदऱ्याचे धनाजी, हनुमंतचे लहानपणापासूनचे दोस्त. त्यांनी बजावून सांगितलं, दोन्ही गावांत दवंडी दे, कुणाला बोलायला जागा ठेवू नको. हनुमंतनं खडकदऱ्यात घसा फोडून दवंडी दिली आणि भोंगा काखेत मारून पूल ओलांडला. नेमका तो करीचा दिवस. पहिलंच घर बाळाबाईंचं. बाळाबाई म्हणजे धनाजींची सख्खी थोरली बहीण, उंबरवण्यात दिलेली. माहेरचा माणूस दारात आलेला बघून ती सोडते होय? बसवलं, वाढलं, पुन्हा वाढलं, नको नको म्हणताना पातेलं त्याच्या ताटात उपडं केलं. हनुमंत जेवून ओसरीवर जरा टेकला, तो थेट दिवेलागणीला उठला. म्हटलं, दवंडी उद्या देऊ. उद्या भोरला कागद घेऊन जावं लागलं. परवा पाण्याची मोटार जळाली. आणि मग गडी विसरला ते विसरलाच.

विसरला ते विसरला, पण नोटिशीच्या मागं सही ठोकून दिली: 'दोन्ही गावांत दवंडी दिली.'

ग्रामसभेला उंबरवण्याचं चिटपाखरूही आलं नाही. खडकदऱ्यानं इमारत आपल्याकडं एकमतानं मंजूर करून घेतली. तिसऱ्या दिवशी उंबरवणे कार्यालयावर चालून आलं, बायका पुढं, चपला हातात. 'दवंडीच दिली नाही' म्हणून ते ओरडत होते, आणि धनाजी हनुमंतची सही नाचवत होते. चौकशी लागली. साहेबांनी हनुमंतला विचारलं, दवंडी दिली होती का? नोकरी जाईल या भीतीनं हनुमंतचं तोंड आपोआप बोललं, "व्हय, दिली हुती."

खरं बोलू शकणारं आणखी एकच माणूस होतं, बाळाबाई. हनुमंत दुपारभर आपल्या ओसरीवर घोरत होता, हे तिनं डोळ्यांनी बघितलं होतं. ती पूल ओलांडून भावाकडं गेली. त्याला म्हणाली, तूच हनम्याला शिकवलंस, तूच खोटी सही करायला लावलीस. धनाजींचा शिपायावर विश्वास. ते म्हणाले, तू सासरच्या बाजूनं खोटं बोलतेस. झालं. बाळाबाई जी फिरली, ती पुन्हा माहेरचा उंबरा चढली नाही. पंचायत मोडली, दोन झाल्या, खुर्च्या वाटल्या, कपाटं वाटली, झेंडासुद्धा कुणाकडं जायचा यावर दोन बैठका झाल्या. गंमत अशी की माणसं मिळेनात म्हणून ग्रामसेविका दोघींना एकच आणि शिपाईही एकच. एवढी मारामारी करून वेगळे निघाले, आणि सव्वीस जानेवारीला हनुमंत एक झेंडा बांधून पुलावरनं धावत दुसरा बांधायला जायचा.

आता तुम्ही म्हणाल, त्याला काही वाटत नव्हतं काय? वाटत होतं हो. दर दिवाळीत धनाजी भाऊबीजेला ओट्यावर पाट टाकून बसायचे आणि दुपारी गुपचूप उचलून ठेवायचे. हनुमंत समोरूनच जायचा. तेवढ्यापुरता नजर चुकवून पाय उचलायचा, पण घरी गेल्यावर जेवण तेवढंच जायचं.

मग त्याची निवृत्ती आली. ग्रामसेविका शैलजा मॅडम भोरच्या, स्कुटीवरनं यायच्या, कामाला चोख आणि उत्साह जरा जास्तच. त्यांनी ठरवलं, हनुमंत हा जुन्या पंचायतीचा शेवटचा माणूस, तर त्याचा सत्कार दोन्ही गावांनी मिळून करायचा, आणि त्याच दिवशी जुन्या पंचायतीच्या इतिहासाची एक छोटी पुस्तिका वाचायची. आश्चर्य म्हणजे दोन्ही गावं तयार झाली. हनुमंत हरखून गेला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शाली-नारळाचं ताट धरलेला माणूस तो. त्यानं नवा सदरा शिवला, दाढीची तारीख ठरवली, मंगलला, म्हणजे बायकोला, चार दिवस आधीपासून फेटा बांधून दाखवत होता.

आदल्या आठवड्यात मॅडमनी त्याला मजकूर वाचून दाखवला. त्यांनी चार घरं हिंडून माहिती गोळा केली होती. शेवटच्या पानावर लिहिलं होतं: 'तत्कालीन सरपंच धनाजी यांनी उंबरवणे ग्रामस्थांना जाणूनबुजून अंधारात ठेवल्यामुळे गट ग्रामपंचायत विभागली गेली.' कसं वाटलं, असं मॅडमनी विचारलं. हनुमंत म्हणाला, अक्षर छान आहे. तो मजकूर टाइप केलेला होता.

गावातली कुजबुज वेगळी आणि छापील कागद वेगळा. कुजबुज करणारी माणसं मरतात; कागद नातवंडांच्या हाती पडतो. त्या दिवसापासून हनुमंतला जेवण जाईना. सांगावं तर सत्काराच्या जागी जोडे पडणार. गप्प बसावं तर धनाजी कायमचे चोर. आठवडाभर हे घोळत राहिलं, आणि तो आपला नवा सदरा घालून देवळापुढच्या मांडवात जाऊन बसला, तरी ठरलं नव्हतं.

मांडव भरला होता. ओढ्याच्या दोन्ही बाजूंची माणसं अकरा वर्षांनी एका सतरंजीवर बसली होती, मधे पायवाटेएवढी जागा सोडून का होईना. धनाजी एका टोकाला, बाळाबाई दुसऱ्या टोकाला पदर ओढून. मॅडमनी वाचायला सुरुवात केली. संस्थान झालं, पाइपलाइन झाली, शेवटचं पान आलं. धनाजींनी मान खाली घातली. ते पुढं काय येणार हे ओळखून होते, आणि तरीही दोस्ताच्या सत्काराला आले होते. हनुमंतला तेच सोसलं नाही. तो उठला.

"मॅडम, थांबा. सरपंचानं काय केलं न्हाई. दवंडी म्याच दिली न्हाई. म्या अक्काच्या वसरीवर झोपलो हुतो, आन सही खोटी केली."

बाळाबाई उभी राहिली.

"म्हंजी माझ्या भावानं तुला शिकवलं न्हवतं?"

"न्हाई, अक्का. नोकरीच्या भ्यानं म्याच खोटं बोललो. त्यो तुमच्याशी खरंच बोलत हुता. तुमी बी खरंच बोलत हुता."

मग धनाजी उठले. हनुमंतला वाटलं, आता कानाखाली बसणार. बसली असती तर बरं झालं असतं.

"हनम्या," ते म्हणाले, "अकरा भाऊबीजा गेल्या माझ्या. त्या कुठनं आणू, सांग."

बाळाबाई मधल्या मोकळ्या जागेतून तरातरा चालत भावापाशी गेली, त्याचा दंड धरला आणि चल, तुझ्या घरी एवढंच म्हणाली. दोघं मांडवाबाहेर पडली. सवयीनं हनुमंतही सरपंचांच्या मागं दोन पावलं निघाला, तर ती मागं न बघताच म्हणाली, "तू न्हाई यायचं."

तो थांबला. मांडवात एकच गलका उठला होता, मॅडम घाबरून विचारत होत्या की सत्कार करायचा की नाही, आणि ताटातली शाल कुणी उचलत नव्हतं. हनुमंत रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला आणि ढसाढसा रडला. मग रडता रडता त्याला हसू आलं, कारण ती दोघं पुलावर मधोमध थांबून, हातवारे करत, अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल अशी एकमेकांशी भांडत होती.