दारातली जाळी

माणसाचं वय वाढतं हे सगळ्या जगाला मान्य आहे, एक माझी धसईची मैत्रीण सोडून. आम्ही दोघी सिद्धगडाच्या पायथ्याच्या एकाच गावच्या. लग्न होऊन ती धसईला गेली, मी शहापूरला आले. मला मुलं झाली, चष्मा लागला, नातवंडं झाली, आणि मी आपली रीतसर म्हातारी होत गेले. तिलाही हे सगळं झालं, पण तिनं ते मनावर घेतलं नाही. केस पांढरे झाले तेव्हा म्हणाली, "उन्हानं रंग उडलाय गो."

आमच्या वयाच्या बायकांच्या कमरेच्या पिशवीत पानसुपारी असते, हिच्या पिशवीत सागरगोटे. लेकीच्या लग्नातसुद्धा ती पिशवी सुटली नाही. मानाची साडी फिकी निघाली म्हणून विहीणबाई रुसून पडवीत जाऊन बसल्या होत्या. मोठी माणसं हात जोडून दमली, पंगत खोळंबली. शेवटी ही गेली, शेजारी फतकल मारून बसली आणि सागरगोटे उडवत म्हणाली, "खेळता येतं का तुमाला, का नुसतं रुसताच येतं?" विहीणबाईंनी आधी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, मग हळूच हात पुढं केला. थोड्या वेळानं बघतो तो दोघींचे पदर खोचलेले आणि हसण्याचा आवाज मांडवापर्यंत. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. पण हिनं काय करावं? विहीणबाईंना लागोपाठ हरवलं. त्या पुन्हा रुसल्या. मी तिला म्हटलं, "एकदा हरायचं होतंस की गो!" तर मलाच दटावलं, "मुद्दाम हरायचं मंजे काय? त्यांचा अपमान नाय का व्हायचा?"

पुढं एसटीत म्हाताऱ्या माणसांना अर्धं तिकीट लागायला लागलं, तेव्हा तिच्याइतका आनंद मुरबाड तालुक्यात कुणाला झाला नसेल. सवलत मिळाली म्हणून नव्हे. "बघ," मला कोपरानं ढोसत म्हणाली, "लहानपणी अर्धं, आता परत अर्धं. सरकारलापन पटलंय." कंडक्टरनं वयाचा दाखला मागितला तर म्हणाली, "आदी खिडकीची जागा दे, मग दाखवते." आणि खिडकी तिला लागायचीच. मला शेजारी दाबून बसवायची आणि तिकिटं मागायची ती मीच. "दोन अर्धी" म्हणताना मला फार लाजल्यासारखं व्हायचं.

ही सगळी धावपळ असायची ती करवंदांसाठी. दर उन्हाळ्यात आम्ही मुरबाडला भेटून एकाच गाडीनं माहेरी जायचो आणि सकाळीच टेकडीवरच्या जाळ्या गाठायचो. करवंद फोडायच्या आधी बोलायचं: आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. जिचं चुकेल तिनं आपल्या द्रोणातली मूठभर दुसरीला द्यायची. परकराच्या वयापासून हा एकच खेळ, आणि परकराच्या वयापासून ती एकच बोली बोलत आली: कोंबडा. कितीही हरली तरी कोंबडाच. संध्याकाळी ओठांना चीक, हाताला ओरखडे आणि तिच्या द्रोणाचा तळ दिसतोय, असं ठरलेलं. सुना म्हणायच्या, "बाजारात वाट्यानं मिळतात की!" त्यांना काय सांगणार?

मग माझे गुडघे गेले. डॉक्टरांनी टेकडीच काय, पाटावर बसणंही बंद केलं. खरं सांगायचं तर मला गुडघ्यांपेक्षा दुसरीच काळजी लागली. आम्ही दोघी सुखदुःख बोलायला कधी भेटलोच नव्हतो. फोनवर तर ती "बरी हायस ना? ठेवते" यापलीकडं जात नसे. करवंदं संपली तर आमच्यात उरतं काय, हे मला ठाऊक नव्हतं. भीत भीत फोन केला. "यंदा मला चढवणार नाही गो. पुढंही नाही."

ती म्हणाली, "तर धसईला ये. ठेवते."

गेले. तिच्या दारात, तुळशीच्या पलीकडं, करवंदाची एक जाळी आहे. काही वर्षांपूर्वी तिनं डोंगरातून रोप आणून लावली, तेव्हा सगळा गाव हसला होता. मीही. मुलगा म्हणाला होता, "आये, लोकं दारात मोगरा लावतात, तू काटे लाव!" सुनेची वाळत घातलेली लुगडी त्या जाळीनं फाडली, पाहुण्यांची धोतरं धरली, पण हिनं कुणाला तिच्यावर कोयता चालवू दिला नाही. त्या दिवशी ती जाळी काळ्या करवंदांनी लगडली होती आणि शेजारी दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या.

"ही लावलीस तरी कधी गो?" मी विचारलं.

"तू त्या वर्षी टेकडी उतरताना माजा खांदा धरलास ना? त्याच पावसात."

मला तर खांदा धरल्याचं आठवतही नव्हतं. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात तिनं करवंद तोडून माझ्या नाकासमोर धरलं. "बोल लवकर."

"कोंबडी."

"कोंबडा!" तिनं फोडलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं. मग माझ्या हातात दिलं. "बघ गो काय हाय. मला नीट दिसत नाय आता."

मी बघितलं. "कोंबडी."

"खोटारडी! लहानपणापासून खोटारडी!" असं म्हणून तिनं सुनेला हाक मारली, निवाडा करायला. निवाडा माझ्या बाजूनं लागला. तिनं मूठभर करवंदं माझ्या ओटीत टाकली आणि सुनेशीही भांडली. गाडीची वेळ होईपर्यंत आम्ही भांडत होतो.

स्टँडवर सोडायला आली. मला खिडकीत बसवून खाली उभी राहिली, गाडी हलेपर्यंत. कंडक्टर आला. मी सवयीनं "दोन अर्धी" म्हणाले, मग शेजारच्या रिकाम्या जागेकडं पाहिलं आणि म्हटलं, "नाही, एकच द्या." ओटीतली करवंदं सांडू नयेत म्हणून तिकीट डाव्या हातानं घेतलं.