एका वेळी एकच तार

राजापेठेत रिमोटच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाशी माझं कधी पटलं नाही. भाजीवाल्यापासून बिल्डरपर्यंत सगळे माझ्यापुढे नमतात, हा नमत नाही. बॅटरीला नवा कनेक्टर लावताना तो आधी बोटातली अंगठी काढतो, मग लाल तार कापतो, जोडतो, झाकतो आणि तेव्हाच काळीकडे वळतो. परवा मला अकोल्यातली गाड्यांची शर्यत गाठायची होती.

“दोनी एकदम काप ना बे!” म्हणत मीच कटर उचललं.

त्यानं माझं मनगट धरलं. “भाऊ, दोनी तारा पात्याले टेकल्या की बॅटरी पेटते. शर्यतीत काय आग पळवसान?”

शर्यत चुकली. तो राग अजून आहे. पण दुसऱ्याकडे जायची हिंमत होत नाही.