‘उभयलिंगी’ ही शिवी नाही

मंडळी, डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहितेय.

मी पुंडलिकनगरात घरीच नववीची शिकवणी घेते. काल ‘उभयलिंगी’ हा शब्द शिकवला. ‘तो वेळ’ आणि ‘ती वेळ’ दोन्ही चालतं, म्हणून व्याकरणात ‘वेळ’ उभयलिंगी. जास्वंदाच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर असतात, म्हणून तेही उभयलिंगी. बस, एवढंच.

आज संध्याकाळी माझ्या शिकवणीतल्या समृद्धीचे वडील भर वर्गात घुसले. “मॅडम, असलं घाण शिकवता व्हय पोरींना?”

मी पुस्तक उघडून समोर धरलं. त्यांनी बघितलंसुद्धा नाही. “पुस्तकात काय बी असंल. उद्यापासून पोरगी येणार नाय.”

समृद्धीनं रडत दप्तर भरलं. दारातून वळून तिनं विचारलं, “मॅडम, परीक्षेत आलं तर लिहू का?”

“बिनधास्त लिही,” मी त्यांच्यादेखत सांगितलं.

आता पालकांच्या ग्रुपवर माझ्याविरुद्ध मेसेज फिरतोय, आणि त्याखाली तुमच्यातल्याच काहींचे अंगठे आहेत. त्यांना सरळ विचारते: शब्दाचा अर्थ मला विचारायची तुम्हाला लाज वाटली, मग एका पोरीची शिकवणी तुटली त्यावर अंगठा द्यायची कशी नाही वाटली?