विहिरीबाहेरची सरू

“पाय घसरून विहिरीत पडली” असं कुणी म्हणालं, की अनसूयाबाई हातातलं काम टाकून विचारायच्या, “बाप्यांचे पाय बरे घसरत न्हाईत?” लोहाऱ्याच्या मुलींच्या शाळेत आम्ही दोघी शिक्षिका. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. बाईंचं शिक्षण उर्दूतलं; मराठी लिहायला त्या तिशीत शिकल्या आणि थेट कादंबऱ्याच लिहू लागल्या. दोन छापून आल्या. ‘बायकांचं रडगाणं’ म्हणून गावानं त्या हसण्यावारी नेल्या.

मग सरू गेली. आमचीच विद्यार्थिनी, तामलवाडीला दिलेली. मार खाऊन दोनदा माहेरी आली. दोन्ही वेळा बापानं परत नेऊन घातली. पुढं ती विहिरीतच सापडली. पंचांनी पाय घसरल्याचं ठरवून टाकलं.

बाई रडल्या नाहीत. तिसरी कादंबरी लिहायला बसल्या. तिच्यातली सरू विहिरीच्या काठावरून मागं फिरते, नवऱ्याचं घर सोडते आणि नर्स होते. नावसुद्धा बदललं नाही.

सोलापूरच्या प्रकाशकाकडे मी बरोबर गेले होते. ते गोड हसून म्हणाले, “लिहिलंय छान. फक्त शेवटी तिला मारा. वाचक हळहळतील.”

बाई ताडकन उठल्या. “मेलेलीसाठी हळहळता आन् जित्तीला दार लावता? एकदा मारलीय लोकांनी तिला. माझ्या हातून पुन्हा मरणार न्हाय!”

शेवटी एका लहान छापखानेवाल्यानं पुस्तक काढलं. सरूच्या सासऱ्याचं आमच्या शाळेच्या कमिटीतही वजन होतं. कमिटीनं बाईंना उभं केलं. “माफी मागा, न्हाईतर राजीनामा द्या.”

“माफी कशाची? तुम्ही मारलेलीला मी जगवलं, त्याची?”

राजीनामा त्यांनी तिथंच लिहिला. त्या सासऱ्याला मात्र कुणी एक सवाल केला नाही. आठवलं की माझं डोकं आजही तापतं.

बाई माहेरी तुळजापूरला निघाल्या. स्टँडवर तुळजापूर-तामलवाडीवरून जाणारी सोलापूरची एसटी उभी होती, सुटायला अवकाश होता. तेवढ्यात सरूची आई धापा टाकत आली.

“बाई, पुस्तकात माझी सरू जित्ती हाय म्हनं?”

“व्हय.”

“मला वाचता येत न्हाय. वाचून दावा.”

बाई ट्रंकेवर बसल्या आणि त्यांनी शेवटचं प्रकरण वाचलं. आईनं डोळ्यांना पदर लावला नाही. उठून लुगडं झटकलं.

“आता ह्येच तामलवाडीत वाचा. चावडीम्होरं, समद्यांदेखत. म्या बसते बाजूला.”

कंडक्टरनं विचारलं, “तुळजापूर का?”

“न्हाय,” बाई म्हणाल्या, “तामलवाडी. दोघींचं द्या.”