पहिल्या ओळीतली जागा

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचं दुकान मशिदीपासून चौथं. दुकान कसलं, एकाने बसायचं आणि दुसऱ्याने दारात उभं राहून बोलायचं, एवढीच जागा. भिंतीवर खिळ्यांना लटकलेले पट्टे, डब्यांत बॉबिन, शटल, सुया, आणि सगळ्यावर तेलाचा वास. एकोणीस वर्षं तो तिथे बसत होता आणि एकोणीस वर्षं जमातीच्या, म्हणजे सगळ्यांनी मिळून पढायच्या नमाजाला पहिल्या ओळीत, इमामसाहेबांच्या बरोबर पाठीमागे उभा राहत होता. ती जागा त्याला कुणी दिली नव्हती. पण तिथे दुसरा कुणी उभा राहतही नव्हता.

जमात उभी राहण्याआधीची हाक, म्हणजे इकामत, तोच देई. मग मागे वळून म्हणे, "सफ सरळ करा. खांद्याला खांदा लावा. मध्ये फट नको." वाकडी गेलेली टीप त्याच्या डोळ्यांना खपत नसे, तशी माणसांची वाकडी ओळही नाही. लोक टाचा पुढेमागे करत आणि त्याची चेष्टा करत. "मिस्त्री, आता दोरा ओवायचा का?"

अशी बरीच वर्षं गेली, आणि मग कंपाउंडर आला.

सरकारी दवाखान्यात आयुष्यभर औषधं बांधून निवृत्त झालेला, बायको गेल्यावर मुलीकडे राहायला आलेला माणूस. उंच, सडपातळ, कपडे कडक इस्त्रीचे. पहिल्याच आठवड्यात मिस्त्री हात-तोंड-पाय धुऊन, वजू करून आत आला, तर इमामसाहेबांच्या मागे कंपाउंडर बसलेला. मिस्त्री खाकरला. कंपाउंडरने हसून सलाम केला आणि जागचा हलला नाही.

मिस्त्रीने त्या दिवशी डाव्या कडेला नमाज पढला. नमाज झाल्यावर इमामसाहेबांना गाठलं.

"नवीन माणसाला माहीत नसेल, म्हणून म्हटलं."

"काय माहीत नसेल?"

"तिथे मी उभा राहतो ते."

इमामसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मिस्त्री, मशिदीत जागा कुणाच्या नावावर नसते. आधी येईल त्याची. एवढंच, की माझ्या मागे उभा राहणारा जाणकार हवा. मला काही झालं तर त्याला पुढे व्हावं लागतं. तुम्ही दोघंही आहात तसे."

"दोघंही" हा शब्द मिस्त्रीच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकला.

पुढच्या आठवड्यात एका बाईची मशीन अडकून बसली. शटलमध्ये धाग्याचा गोळा. तो काढता काढता मिस्त्रीला उशीर झाला आणि इकामत कंपाउंडरने दिली. मिस्त्री जोडे काढत होता तेव्हाच तो आवाज त्याच्या कानावर पडला. मऊ, भरलेला, एकेक शब्द धुऊन ठेवल्यासारखा. घरी गेला तर बायको चहा गाळत होती. मशिदीच्या वरच्या मजल्यावरच्या बायकांच्या खोलीत स्पीकर आहे, ती तिथेच नमाज पढून आलेली.

"अहो, आज इकामत कुणी दिली? काय आवाज हो!"

"का? माझा आवाज एवढी वर्षं कसा होता?"

"तुमचा ऐकू यायचा," बायको म्हणाली आणि कप पुढे केला.

तो चहा त्याने तसाच ठेवला.

मग त्याच्या डोक्यात दुसरं काही राहीना. जमातीला अर्धा तास असताना तो गिऱ्हाइकाच्या तोंडावर शटर ओढू लागला. एकदा सकाळीच जाऊन आपला रुमाल त्या जागेवर अंथरून आला. इमामसाहेबांनी तो घडी करून खिडकीत ठेवला. एकदा कंपाउंडर गल्लीच्या तोंडाशी दिसला म्हणून मिस्त्री चक्क पळत सुटला. नमाजाला धावत येऊ नये, शांतपणे चालत यावं, हे त्यानेच किती जणांना ऐकवलेलं. धापा टाकत जागा मिळवली खरी, पण अल्लाहु अकबर म्हणायला दम राहिला नव्हता.

जागा मिळाली नाही की तो कंपाउंडरच्या चुका शोधी. रुकूत इमामाच्या आधी वाकतो का? सजद्यातून घाईने डोकं उचलतो का? एकही चूक सापडेना, त्याने तर आणखीच आग होई. आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून दुसऱ्याचा नमाज तपासणाऱ्याचा स्वतःचा नमाज कुठे होता, हे विचारणारं तिथे कुणी नव्हतं.

त्या दिवशी तिसऱ्या प्रहराचा, असरचा नमाज होता. मिस्त्री आधी पोचला होता. कंपाउंडर येऊन त्याच्या उजव्या हाताला उभा राहिला. खांद्याला खांदा लागला तसा मिस्त्री वीतभर डावीकडे सरकला. फट नको म्हणून कंपाउंडर जवळ आला. मिस्त्री पुन्हा सरकला. नमाज सुरू झाला तेव्हा ओळीत फट होती ती एकाच ठिकाणी, आणि ती ओळ सरळ करणाऱ्याच्या शेजारी.

असरमध्ये चार रकाती, म्हणजे उभं राहणं, रुकू, सजदे यांची चार आवर्तनं, आणि पठण मनातल्या मनात. इमामसाहेब तिसऱ्या रकातीला उभे राहिले आणि त्यांच्या नाकातून रक्त यायला लागलं. रक्त आलं म्हणजे वजू तुटला, पुढे नमाज पढवता येत नाही. नाकावर हात धरून ते वळले, दुसऱ्या हाताने मिस्त्रीची बाही धरून त्याला पुढे ओढलं, दोन बोटं दाखवली आणि वाकून बाहेर गेले.

दोन रकाती उरल्यात, असा त्याचा अर्थ. पण मिस्त्रीने बोटं पाहिलीच नाहीत. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तो सगळ्यांच्या पुढे उभा होता, आणि त्याच्या मनात एकच गोष्ट होती: हे कंपाउंडरने पाहिलं.

त्याने रुकू केला, दोन सजदे केले आणि बसला. शेवटच्या रकातीनंतर बसावं तसा, निवांत.

मागून आवाज आला, "सुब्हानल्लाह."

इमाम चुकला की मागच्याने एवढंच म्हणायचं असतं. आवाज कुणाचा हे मिस्त्रीला लगेच कळलं. चौथी रकात राहिली आहे हेही त्याच क्षणी कळलं. तरी तो उठला नाही. त्या आवाजाच्या सांगण्यावरून उठायचं? मागे साठ माणसं गुडघे मोडून बसलेली, आणि तो आपला हट्ट मांडीवर घेऊन बसून राहिला.

"सुब्हानल्लाह," पुन्हा तोच आवाज. तसाच मऊ, जराही न चढलेला.

मिस्त्री उठला. चौथी रकात पुरी केली, चूक भरून काढायचे दोन जादा सजदे केले, दोन्हीकडे मान वळवून सलाम फेरला. लोक दुआ मागून उठले. कुणी म्हणालं, "अचानक पुढे जायचं म्हणजे होतंच असं, मिस्त्री." त्याला ते शिव्यांसारखं लागलं.

इमामसाहेब अंगणात नाकाला ओला कपडा धरून बसले होते. त्यांची चौकशी करून मिस्त्री कंपाउंडरकडे गेला. कंपाउंडर पायरीवर बसून मोजे चढवत होता.

"पहिल्यांदा म्हणालात तेव्हाच मला ऐकू आलं होतं," मिस्त्री म्हणाला. "मुद्दाम बसून राहिलो."

"माहीत आहे."

"कसं?"

"कान लाल झाले होते तुमचे. मागून दिसत होते."

मिस्त्रीचा हात आपोआप कानाकडे गेला. कंपाउंडर हसला नाही. दुसरा मोजा हातात धरून म्हणाला, "खोटं कशाला बोलू? इमामसाहेबांनी तुमची बाही धरली तेव्हा माझ्याही पोटात दुखलं. दवाखान्यात चौतीस वर्षं डॉक्टरांच्या मागे उभा होतो. वाटलं, इथे तरी पुढे बोलावतील."

मिस्त्रीने फळीवरून आपले जोडे काढले. तो शेजारी बसला. दोघांनी बरोबरच जोडे चढवले.

डॉक्टरांनी इमामसाहेबांना आठ दिवस विश्रांती सांगितली. विश्रांतीसाठी घरी जायच्या आधी त्यांनी दोघांना बोलावून विचारलं, जमात कोण घेणार? मिस्त्रीने घसा साफ केला, एकदा, मग पुन्हा. "त्यांनी घ्यावी. कुरआन माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे त्यांना."

आठ दिवस कंपाउंडर पुढे आणि मिस्त्री मागे. त्याच्यानंतर वाकायचं, त्याच्यानंतर उठायचं, केसभरही आधी नाही. पहाटेच्या नमाजात कंपाउंडर मोठ्याने पठण करी, तेव्हा मिस्त्रीच्या छातीत काहीतरी कुरतडत असे. ते रोज होई. एका सकाळी मात्र ऐकता ऐकता त्याचे डोळे भरून आले, आणि कुरतडणं तरीही चालूच होतं.

नवव्या दिवशी इमामसाहेब परतले. दुकानाच्या दारात उभं राहून त्यांनी विचारलं, "कशी घेतली जमात आमच्या कंपाउंडरसाहेबांनी?"

मिस्त्री एका मशीनचा चामडी पट्टा चढवत होता. "रुकू फार लांबवतात," तो म्हणाला. "ओळीत म्हातारी माणसं असतात, आजारी असतात. इमामाने त्यांचा विचार करावा."

"हं."

पट्टा चाकावर बसला. मिस्त्रीने चाक हाताने दोनदा फिरवून पाहिलं.

"पण पढतात सुरेख," तो म्हणाला.

"हे आधी सांगायचंत की."

"आधी जमलं नसतं, इमामसाहेब."