जागृती दिनाचं सूत्रसंचालन

आमच्या कॉलेजात कोणताही दिन आला की तो माझ्या गळ्यात पडायचा. मतदार दिन, ओझोन दिन, वाचन दिन, एकदा तर हात धुण्याचा दिनसुद्धा. मी भूगोल शिकवायचो, तेही तासिका तत्त्वावर, आणि तासिकावाल्याला नाही म्हणायची सोय नसते. त्यातून कॉलेजच्या लेखी मी मॅडम. मॅडम रांगोळीचं बघतील, मॅडम पाहुण्यांना आणतील, मॅडम सूत्रसंचालन करतील. मी मॅडम नाही, हे त्या अख्ख्या इमारतीत फक्त मला ठाऊक होतं.

सरळच सांगतो. जन्मलो तेव्हा मुलगी झाली म्हणून बर्फी वाटली, मुलगी म्हणून वाढवलं, आणि कळायला लागल्यापासून मी पुरुष आहे. यात गूढ काही नाही. भोकरदनला नोकरी, राजूरला घर, रोज एसटीनं जाणं-येणं. बसमध्ये कंडक्टर एखाद्या म्हाताऱ्याला उठवून "ताईला बसू द्या" म्हणायचा आणि मी मुकाट्यानं बसायचो, कारण उभं राहून वाद घातला तर लोक नीट निरखून बघायला लागतात. घरी कुणाला सांगितलेलं नव्हतं. मला राग फार लवकर येतो, आणि तो चहाबरोबर गिळायची सवयही तितकीच जुनी आहे.

लग्नाचं मात्र गिळून भागेना. एम.ए. होऊ द्या, सेटची परीक्षा होऊ द्या, नोकरी पर्मनंट होऊ द्या, असं करत मी तिशी ओलांडली. मग आईनं ऐकणंच सोडलं. परतूरचं स्थळ आलं. मुलगा जालन्याला एका कंपनीत अकाउंट्सला, घरची कापसाची शेती, माणसं सज्जन. रविवारी बघायला येणार होते. "पसंती झाली की तिथंच सुपारी फोडायची," आई म्हणाली होती. "लांबण लावायचं न्हाई." म्हणजे मला नवरी म्हणून उभं करायला आठवडाही उरला नव्हता. इतका घाबरलेलो मी आयुष्यात कधी नव्हतो. लग्न मोडायचं तर कारण द्यावं लागणार, आणि खरं कारण एकच होतं. माझी सगळी भिस्त आईवर होती. तिला कधीतरी धीर करून सांगितलं की ती हे थांबवेल, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो होतो. सांगायचा धीर तेवढा होत नव्हता.

त्याच आठवड्यात वरून परिपत्रक आलं. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांसाठी जागृती दिन साजरा करावा, फोटो पाठवावेत. प्राचार्यांनी मला बोलावलं.

"मॅडम, हे तृतीयपंथी लोकांचं काहीतरी करायचंय. तुम्ही संवेदनशील आहात, तुम्हीच बघा."

संवेदनशील म्हणजे न भांडणारी. मी "हो सर" म्हणालो आणि बाहेर येऊन पाणी प्यायलो.

संभाजीनगरच्या एका संस्थेशी प्राचार्य स्वतः फोनवर बोलले. प्रतिनिधी येतील, एवढंच तिकडून कळलं. मग सत्काराचा पेच उभा राहिला. आमच्याकडे सत्काराचा नियम पक्का आहे. पुरुष पाहुण्याला फेटा आणि नारळ, प्राचार्यांच्या हस्ते. महिला पाहुणीला साडी आणि खणानारळाची ओटी, महिला प्राध्यापिकेच्या हस्ते. आता या पाहुण्यांना कुठल्या रांगेत बसवायचं यावर प्राचार्यांनी बराच वेळ डोकं खाजवलं.

"ते लोक साडीच नेसतात ना?" शेवटी ते म्हणाले. जणू सरकारनं गणवेश ठरवून दिलाय. "मग साडीच आणा. ओटी तुम्ही भरा."

खरं सांगायचं तर मलाही वेगळं काही सुचलं नाही. माझ्यासारखा माणूस मी मोबाइलच्या बाहेर कधी पाहिलाच नव्हता. मी बाजारात जाऊन चांगली मोरपंखी साडी आणली. शिवाय त्या दिवशी सगळ्या महिला प्राध्यापिकांनी जांभळ्या साड्या नेसायच्या असं ठरलं, फोटोत एकसारखं दिसावं म्हणून. जांभळी साडी मी आईची नेसलो. सकाळी खांद्यावर पिन लावताना आई खूश होती. "रविवारी बी अशीच नेस," म्हणाली. मी पिनेकडे बघत राहिलो. अंगावरचं सगळं फाडून काढावंसं वाटत होतं आणि बसची वेळ झाली होती.

मी आणि शिपाई फाटकात पाहुण्यांची वाट बघत उभे होतो. मोटारसायकलवरून एक माणूस आला. हेल्मेट काढलं. दाट दाढी, चेक्सचा शर्ट, बाह्या दुमडलेल्या.

"भाऊ, गाडी तिकडं सावलीत लावा," शिपाई म्हणाला. "म्याडम मागून येऊन राह्यल्यात का?"

"कोण म्याडम?"

"पाहुण्या."

"पाहुणा मीच हाय," तो हसून म्हणाला. "मलाच बोलावलंय तुम्ही."

शिपाई माझ्याकडे बघायला लागला. मी त्या दाढीकडे बघत होतो. माझ्यासारखाच माणूस, जन्मला मुलगी म्हणून, आणि असा चारचौघांत किक मारून येतो. मला आनंद व्हायला हवा होता. तो नंतर झाला. आधी मी जळलो, अगदी आतून जळलो, आणि साडीचा पदर सावरत म्हणालो, "या सर, कार्यक्रम वरच्या हॉलमध्ये आहे."

व्यासपीठावर मी माईक घेऊन उभा आणि टेबलावर ताट. ताटात साडी, खण, नारळ, हळदकुंकू. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, आणि "आता सत्कार" असं मला म्हणावंच लागलं. प्राचार्यांनी एकदा ताटाकडे पाहिलं, एकदा दाढीकडे. "फेटा आहे का कुठं?" त्यांनी हळूच विचारलं. फेटे स्नेहसंमेलनाच्या सामानात होते आणि त्या खोलीला कुलूप होतं. हॉलमध्ये पोरं फिदीफिदी हसायला लागली. ओटी भरायला पुढे झालेला मी तसाच मध्ये थांबलो. पुढेही जाता येईना, मागेही.

पाहुण्यानंच सोडवलं. खुर्चीतून उठून माईकजवळ आला. "सर, साडी द्या की. माझ्या आईला होईल. हा रंग तिला लई आवडतो."

हॉल टाळ्यांनी भरला. प्राचार्यांनी सुटल्यासारखं हसत साडी आणि नारळ त्याच्या हातात दिला. फोटो निघाला. परिपत्रकापुरतं काम झालं.

मग तो बोलला. कायदा सांगितला, ओळखपत्र कसं काढायचं ते सांगितलं, भाड्यानं खोली मिळताना काय होतं ते सांगितलं. पोरं हळूहळू गप्प झाली. शेवटी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "सर, घरी कसं सांगितलं तुम्ही?"

"बापाला सांगितलं तं त्यानं घराबाहेर काढलं," तो म्हणाला. "आई काहीच बोलली न्हाई. लई दिवस बोलली न्हाई. मंग एका दिवाळीला सगळ्यांना कपडे घेतले, तं माझ्या खोलीवर शर्टाचं कापड घेऊन आल्ती. आत बी नाही आली. दारातून दिलं अन् गेली. आईला वेळ लागतो. पण एकदा तिला कळलं ना, की ती आपलीच असते."

शेवटचं वाक्य मी जसंच्या तसं उचललं. एवढंच तर मला कुणाकडून तरी ऐकायचं होतं. मग माईक दोन्ही हातांनी धरला आणि आभार मानले. "या बांधवांना आपण समजून घेतलं पाहिजे," मी म्हणालो. "त्यांच्या वेदना आपल्याला कळणार नाहीत, पण निदान त्यांना माणूस म्हणून जगू द्यायला हवं." त्यांच्या, त्यांना. जांभळ्या साडीत उभं राहून मी माझ्याबद्दल असं परक्यासारखं बोलत होतो आणि लोक टाळ्या वाजवत होते. एका सहकारी मॅडमनी तर डोळे पुसले.

चहाच्या वेळी तो माझ्या शेजारी आला. मला वाटलं, हा ओळखेल. निदान याला तरी दिसेल. काही न बोलता नुसतं बघेल आणि पुरे होईल. त्यानं बिस्किट चहात बुडवलं आणि मनापासून म्हणाला, "लई चांगलं बोलल्या ताई तुम्ही. तुमच्यासारख्या बायका प्रत्येक कॉलेजात पाहिजेत."

प्राचार्य मागेच उभे होते. मी "थँक्यू सर" म्हणालो. त्याचा काही दोष नव्हता. मी इतकी वर्षं लपायचं काम इतकं चोख केलं होतं की माझ्याच माणसाला मी सापडलो नाही. साडीची पिशवी हँडलला अडकवून तो निघून गेला आणि मी फाटकात हात हलवत राहिलो.

घरी पोचलो तर आई गच्चीवर बाजेवर वाळलेल्या कुरडया काढत होती. मला बघून तिचा चेहरा फुलला. कुणीतरी कार्यक्रमाचा व्हिडिओ टाकला होता आणि तो फिरत फिरत तिच्या फोनवर आला होता.

"लई छान बोललीस माय," ती म्हणाली. "सगळ्यांना दाखवला मी. अन् ते पोरगं! बघून डोळ्याला पाणीच आलं माझ्या. कसला बाप असंल त्याचा? पोटचं लेकरू घराबाहेर काढायचं म्हंजी काय?"

मी तिच्यासमोर खाली बसलो. यापेक्षा चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती. ती स्वतःच त्या पोराच्या बाजूनं बोलत होती. मी बोललो.

"आई, मी बी त्या पोरासारखाच हाय."

मला वाटलं होतं ती ओरडेल, रडेल, निदान कुरडई हातातून पडेल. तसं काहीच झालं नाही. तिनं बाजेवरची कुरडई अलगद सोडवली आणि डब्यात ठेवली.

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली.

मला नीट ऐकू आलं की नाही तेच कळेना. "कधीपासून?"

"तू शहाणी झालीस तवापासून. जेवण सोडून कोपऱ्यात बसल्ती तू. बाकीच्या पोरीबी रडतात, पण तुझं रडणं येगळं होतं. आईला कळत न्हाई का?"

"मंग हे परतूरचे पाहुणे? सगळं म्हाईत असून?"

"म्हणून तं जल्दी करून राह्यले," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या ध्यानात यायच्या आत."

आईला माहीत नाही, हाच एवढा एक दरवाजा मी स्वतःसाठी उघडा ठेवला होता. ती आधीपासूनच त्या दारात उभी होती, कडी लावून. मी रडायला लागलो. तसं तिनं हात पुसले, माझ्याजवळ सरकली आणि लहानपणी फिरवायची तसा माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. तिला माझी दया येत होती, यात शंका नाही. तेच जास्त असह्य होतं.

"रडू नको माय," ती म्हणाली. "त्या पोरावानी मी तुला घराबाहेर काढून राह्यले का? चांगल्या घरात देऊन राह्यले."