दिवे लागल्यानंतरचं विरजण

आमच्या लालबागच्या चाळीत कुणाचं दही बिघडलं की ती वाटी घेऊन सुभद्राबाईंच्या दारात. त्यांचं विरजण सासूनं देवगडहून आणलेलं. पन्नास वर्षांत ते एकदाही संपू दिलं नाही, याचा बाईंना भारी तोरा. फक्त दिवेलागणीनंतर जायचं नाही. तिन्हीसांजेला दूध-दही घराबाहेर देत नाहीत, असं म्हणून त्यांनी मला दोनदा रिकाम्या वाटीनं परत पाठवलंय. मीही फणकाऱ्यानं विकतचं आणलं होतं.

सहा वर्षांपूर्वी त्यांची लेक प्राची लग्न होऊन हॉलंडला निघाली. टॅक्सी खाली उभी, देव्हाऱ्यात नुकताच दिवा लावलेला, आणि तिला आठवलं, विरजण राहिलं. बाई म्हणाल्या, आता घराबाहेर देत नाहीत, पुढच्या खेपेला ने.

पुढची खेप झालीच नाही. आधी नोकरी, मग बाळंतपण. प्राची फोनवर तिथला बाजार दाखवते. जात्याएवढी पिवळीधमक चीजची चाकं रचून ठेवलेली असतात. नातू गौतम पावावर चीज खातो आणि जेवताना फ्रिजमधलं थंड दूध पितो. दहीभात खातो का, हे बाई दर रविवारी विचारतात. नाही आवडत, हे दर रविवारी ऐकतात.

गेल्या दिवाळीत तिचा फोन आला तेव्हा मी बाईंकडेच बसले होते. बाई म्हणाल्या, विकतच्या दह्याला चव ती काय, पोर खाणार कसं, घरचं विरजण न्यायला हवं होतंस. प्राची म्हणाली,

"मागितलं होतं ना आई. तू म्हणालीस, घराबाहेर देत नाहीत. मी बाहेरची कधी झाले गं?"

बाईंनी फोन माझ्या हातात दिला आणि ओट्याशी जाऊन उगाच भांडी सरकवत राहिल्या.

तेव्हापासून त्या मलमलचा तुकडा दह्यात भिजवून गॅलरीत सावलीला वाळवतात; असा तुकडा कोमट दुधात टाकला की दही लागतं. कुरियरवाला असलं घेत नाही म्हणाला. तिकडे जाणारं कुणी अजून भेटलेलं नाही. महिना झाला की तुकडा धुतात, पुन्हा भिजवतात.

काल कातरवेळी माझं दूध निवत आलं आणि घरात विरजण नाही. भीतभीतच वाटी घेऊन गेले. बाईंनी ती काठोकाठ भरली. अहो, दिवे लागलेत, मीच म्हटलं.

"लागूदेत. ने तू, बाय."

घरात शिरताना मागे पाहिलं, तर त्या दारातच उभ्या होत्या, जिन्याकडे बघत.